बुडणारे बालपण आणि समाजाचे दायित्व

वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी वर्षभर थोड्याफार फरकाने पुन:पुन्हा छापली जाते. शेततळ्यात बुडून दोन सख्ख्या भावंडांचा मृत्यू. विहिरीत पोहायला गेलेला शाळकरी मुलगा बुडाला. खदाणीत साचलेल्या पाण्यात तिघे मित्र गेले. अंगणातील हौदात पडून दीड वर्षाच्या बालकाचा अंत. गावाचे नाव बदलते, मुलांची नावे बदलतात. बाकी मजकूर तोच राहतो. शेवटची दोन वाक्येही ठरलेली असतात. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आहे आणि गावावर शोककळा पसरली आहे. दुसऱ्या दिवशी वाचक ती बातमी विसरतो, तिसऱ्या दिवशी प्रशासन विसरते, आणि ज्या पाण्याने ते लेकरू गिळले ते पाणी कुंपणावाचून, कठड्यावाचून तसेच पुढच्या लेकराची वाट पाहत राहते.

अशा मृत्यूंकडे पाहण्याची समाजाची एक ठरलेली दृष्टी आहे. कोणी म्हणतो, काळच ओढून घेऊन गेला. कोणी म्हणतो, आईबापांचे लक्ष नव्हते. पहिल्या उद्गारात दोष दैवाला जातो, दुसऱ्यात तो आधीच उद्ध्वस्त झालेल्या माऊलीच्या पदरात टाकला जातो. दोन्ही उद्गारांचा परिणाम एकच होतो. गाव, ग्रामपंचायत, शाळा, शासन आणि एकूणच समाज जबाबदारीतून मोकळा होतो. या मोकळेपणाची किंमत किती मोठी आहे, हे पाहण्याची वेळ आता आली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे पाण्यात बुडून मरण पावली. म्हणजे तासाला तीसहून अधिक. त्यांतील सुमारे एक चतुर्थांश मृत्यू पाच वर्षांखालील बालकांचे होते. एक ते चार वर्षे या वयोगटात बुडणे हे मृत्यूचे चौथ्या क्रमांकाचे कारण आहे आणि पाच ते चौदा या वयोगटात तिसऱ्या क्रमांकाचे. यांपैकी दहातील नऊहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. श्रीमंत देशांतील मुलांना देवाने वेगळे दैव दिलेले नाही. तेथे पाण्याभोवती कुंपण आहे, मुलांना पोहता येते आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाला बुडालेल्याला कसे वाचवावे हे ठाऊक असते. फरक इतकाच आहे, आणि तो माणसाच्या हातातला आहे.

भारताचे चित्र अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत बुडून झालेल्या सर्व वयोगटांतील मृत्यूंची संख्या अडतीस हजारांहून अधिक आहे. याचा अर्थ देशात दररोज शंभराहून अधिक माणसे बुडतात. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही राज्ये या यादीत वरच्या क्रमांकावर आहेत, ही महाराष्ट्राने मान खाली घालावी अशी गोष्ट आहे. शिवाय ही संख्या केवळ पोलिसांच्या दप्तरात पोहोचलेल्या मृत्यूंची आहे. खेड्यापाड्यांत, वाड्यावस्त्यांवर तान्हे मूल बुडाले तर ते घरचे दु:ख म्हणून घरातच राहते. शवविच्छेदनाची धास्ती, पोलीस ठाण्याचे हेलपाटे आणि आता नोंद करून काय उपयोग, ही हताशा यांमुळे कित्येक मृत्यू कागदावर येतच नाहीत. जे कागदावर येत नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, आणि तरतूद नसल्यामुळे उपाय होत नाहीत. असे हे दुष्टचक्र आहे.

ज्या ठिकाणी कोणीतरी घरोघर जाऊन मोजदाद केली तेथे काय आढळले, हे पाहण्यासारखे आहे. बंगालच्या सुंदरबनात चाइल्ड इन नीड इन्स्टिट्यूट आणि जॉर्ज इन्स्टिट्यूट या संस्थांनी घरोघर पाहणी केली. एक ते चार वर्षे वयाच्या मुलांत दर लाखामागे वर्षाला सुमारे २४४ मृत्यू बुडून होत असल्याचे त्यांना दिसले. साधा हिशेब केला तर दर चारशे बालकांमागे वर्षाला सुमारे एक, आणि चार वर्षांचा तो नाजूक काळ ओलांडेपर्यंत शंभरांतील जवळजवळ एक बालक पाण्यात जाते. एखाद्या साथीच्या रोगाने याच्या एक दशांश बालके दगावली असती, तरी आरोग्य पथके धावली असती, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले असते, लस शोधा असा आक्रोश झाला असता. बुडण्याला मात्र रोग म्हणून कोणी ओळखत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी धावत नाही.

वास्तविक साथीच्या रोगाची सारी लक्षणे येथे आहेत. बुडण्याला ठरावीक वय आहे, ठरावीक वेळ आहे, ठरावीक ठिकाण आहे. लहान बालकांचे मृत्यू बहुधा घरापासून हाकेच्या अंतरावर आणि भर दिवसा, सकाळ सरता सरता ते दुपारपर्यंत होतात. आई चुलीपाशी, गोठ्यात किंवा शेतात असते, बाप कामावर गेलेला असतो आणि मोठी भावंडे शाळेत किंवा खेळात दंग असतात. जे इतके नेमाने घडते ते योगायोगाने घडत नाही. त्याची कारणे शोधता येतात आणि ती दूर करता येतात. सार्वजनिक आरोग्य या शास्त्राचा अर्थच तो आहे.

आणखी एक गोष्ट बहुसंख्य पालकांना ठाऊक नसते. बुडणारे मूल हाका मारीत नाही. चित्रपटांत दिसते तसे हात उंचावून ते ‘वाचवा, वाचवा’ असे ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर क्षणभर येते आणि पुन्हा खाली जाते. तेवढ्या अवधीत श्वास घेणेच जेमतेम साधते, ओरडणे शक्यच नसते. मिनिटभरात सारे संपते. रांगते मूल बादलीत डोके खाली घालून पडले तर त्याला स्वत:ला सावरून वर येता येत नाही, कारण त्या वयात डोक्याचा भार शरीराच्या मानाने जास्त असतो. वीतभर पाणीही त्याला पुरेसे होते. म्हणूनच ‘आवाज आला असता तर धावलो असतो’ हे वाक्य अशा प्रत्येक घरात ऐकू येते आणि प्रत्येक वेळी ते खरे असते. आवाज येतच नाही.

मुलांच्या बुडण्याचे दोन निरनिराळे प्रकार आहेत, आणि उपायही निरनिराळे आहेत, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एक ते चार वर्षांचे बालक घराजवळच्या पाण्यात चुकून पडते. त्याला धोका कळत नाही. त्याला पोहायला शिकवूनही भागत नाही. त्याला हवी असते नजर आणि अडसर. शाळकरी मूल मात्र आपण होऊन पाण्याकडे जाते. कधी पोहण्याच्या ओढीने, कधी मित्रांच्या नादाने, कधी गुरे धुण्यासाठी, कधी पाणी भरण्यासाठी. त्याला हवे असते शिक्षण आणि शिस्त. या दोहोंची गल्लत झाली की उपाय फसतात.

पहिल्या प्रकारच्या मृत्यूंवर एक साधा, स्वस्त आणि सिद्ध झालेला उपाय शेजारच्या बांगलादेशाने दाखवून दिला आहे. त्या देशाशी भारताचे अनेक बाबतींत मतभेद आहेत आणि तेथील अल्पसंख्य हिंदूंच्या स्थितीविषयीची चिंता तर सार्थच आहे. तथापि शहाणपण जेथे असेल तेथून घ्यावे, ही आपली जुनी रीत आहे. तेथे गावातीलच एका महिलेला प्रशिक्षण देऊन तिच्या घरी किंवा जवळच्या जागेत एक ते पाच वर्षे वयाची सुमारे वीस-पंचवीस मुले सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत सांभाळण्याची व्यवस्था उभारली गेली. तिला नाव दिले ‘आँचल’, म्हणजे पदर. ज्या वेळी मुले बुडतात नेमक्या त्याच वेळी ती कोणाच्या तरी पदराआड असावीत, एवढीच ही कल्पना. अशा केंद्रांत जाणाऱ्या मुलांत बुडण्याचे प्रमाण ऐंशी टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासांत आढळले. पुढे २०२२ मध्ये तेथील शासनाने हा उपक्रम शासकीय योजना म्हणून स्वीकारला. ना महागडे यंत्र, ना परदेशी तज्ज्ञ. एक पदर आणि चार तास!

भारताजवळ तर याहून मोठा पाया तयार आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशाच्या बहुतेक गावांत अंगणवाडी पोहोचली आहे. अंगणवाडी सेविका गावातील प्रत्येक बालकाला नावाने ओळखते. त्रुटी इतकीच आहे की अंगणवाडीत दिवसभराच्या काही तासांसाठी येऊन बसणारी मुले प्रामुख्याने तीन ते सहा वर्षांची असतात. ज्या वयात बुडण्याचा धोका सर्वाधिक, ते एक-दोन वर्षांचे बालक पोषण आहार आणि लसीकरणापुरतेच नोंदवहीत असते, प्रत्यक्षात घरी असते. अंगणवाडीला पाळणाघराची जोड देणारी ‘पालना’ योजना केंद्र शासनाने आखली आहे. ती नदीकाठच्या, तलावाकाठच्या, शेततळ्यांच्या आणि वीटभट्ट्यांच्या गावांत प्राधान्याने राबविली तर एका खर्चात दोन कामे होतील. आईला निर्धास्तपणे कामावर जाता येईल आणि मूल जिवंत राहील.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून लाखो कुटुंबे आपली चिमुकली पोरे घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि सीमेपलीकडील कर्नाटकाकडे जातात. त्यांचे तळ बहुधा कालव्याच्या, विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठीच पडतात, कारण पाणी तेथे असते. आई-बाप पहाटेपासून फडात, आणि दोन वर्षांचे मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली. त्या बहिणीचेही वय खेळण्याचे आहे, हे कोण ध्यानात घेतो? सन २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका महिलेची नेमणूक करण्याची तरतूद होती. ती कागदावर चांगली होती. प्रत्यक्षात तशी महिला किती ठिकाणी बसलेली दिसली, हे ज्यांनी ती कामे पाहिली त्यांनीच सांगावे. कायद्याच्या शब्दाला समाजाच्या आग्रहाची जोड नसेल, तर तो शब्द कागदावरच वाळून जातो.

शेततळ्यांचा विषय स्वतंत्रपणे मांडावा लागतो. अवर्षणाशी झुंजणाऱ्या शेतकऱ्याला शेततळ्याने मोठा आधार दिला. सन २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने त्यांचा प्रसार वाढला. या योजनेचे श्रेय द्यावयास हवे आणि शेततळी नकोत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे ही विहिरीहूनही फसवी जागा आहे. त्याच्या उतारावर शेवाळ धरते, पाय ठरत नाही, हाताला धरावयास काही सापडत नाही. पोहता येणारा तरणाबांड माणूसही तेथून बाहेर येऊ शकत नाही. त्यामुळेच एक मूल घसरले की त्याला वाचवायला गेलेले भावंड जाते, आणि पाठोपाठ आईही जाते. एकाच घरातील दोन-तीन जीव जाण्याच्या बातम्या शेततळ्यांच्या संदर्भात वारंवार येतात, त्याचे कारण हे आहे. यावरचा उपाय तळ्याच्या एकूण खर्चाच्या मानाने नगण्य आहे. चारी बाजूंनी तारेचे कुंपण, कुलूप लागणारे फाटक, उतारावर चारही अंगांनी सोडलेला गाठींचा जाड दोर आणि काठावर बांधून ठेवलेली हवा भरलेली जुनी ट्यूब. या चार गोष्टी झाल्याचे छायाचित्र सादर केल्याखेरीज अनुदानाचा शेवटचा हप्ता मिळू नये, असा नियम कडकपणे अमलात आणण्यास कोणती अडचण आहे? पूर्वी बांधलेल्या तळ्यांसाठी ग्रामसभेने एक ठराव करून वर्षभरात हे काम पुरे करावे.

दुसऱ्या प्रकारचे मृत्यू शाळकरी मुलांचे. येथे महाराष्ट्राने स्वत:चीच एक परंपरा गमावली आहे. पोहता येणे ही एके काळी या भूमीत विशेष कला मानली जात नव्हती. ती चालण्या-धावण्यासारखी साधी गोष्ट होती. उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेलेल्या पोराला मामा कमरेला दोर बांधून, पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडी, आणि महिन्याभरात पोर पाणी कापू लागे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त पोहायला जाण्यास भिणाऱ्या श्यामला त्याची प्रेमळ आई छडी घेऊन विहिरीकडे पिटाळते, हा प्रसंग महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे. मुलावर जीव ओवाळून टाकणाऱ्या त्या माऊलीने त्या एका बाबतीत कठोरपणा पत्करला, यातील शहाणपण आज पुन्हा समजून घेण्यासारखे आहे. कोकणातल्या पाण्याने वेढलेल्या मुलखात पोहता न येणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते.

आज तो मामा शहरात आहे, ती विहीर पडीक आहे, आणि भाचा उन्हाळी शिबिरात संगणक शिकतो आहे. शहरांत पोहण्याचे तलाव आहेत, परंतु त्यांचे शुल्क मध्यमवर्गाला परवडते, श्रमिकाला नाही. तालुक्याच्या ठिकाणी तर बहुधा तलावच नाहीत. परिणामी पाण्याची ओढ तशीच राहिली आणि पाण्याची विद्या मात्र गेली. मग परीक्षा संपल्याच्या आनंदात, धुळवडीचा रंग धुण्याच्या निमित्ताने किंवा पावसाळी सहलीच्या उत्साहात मुले अनोळखी पाण्यात उतरतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांतील बहुतेक मुले होती. अचानक वाढलेल्या प्रवाहात एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. हळहळ झाली, काही दिवस बंदीचे फलक लागले. पुढच्या पावसाळ्यात गर्दी पुन्हा तीच!

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात बोटीतून समुद्रात घेतलेल्या उडीवर शाळाशाळांतून निबंध लिहिले जातात, वक्तृत्व स्पर्धा होतात. त्या स्पर्धांत पारितोषिके मिळविणाऱ्या किती मुलांना पाण्यात पंचवीस मीटर अंतर कापता येते? सावरकरांना पोहता येत होते म्हणून ती उडी साहस ठरली. पोहता येत नसते तर ती आत्महत्या ठरली असती. शौर्याचे गुणगान करणाऱ्या समाजाने शौर्याला लागणारी साधना आपल्या मुलांकडून करून घेऊ नये, ही विसंगती आहे.

पोहायला शिकविण्यासाठी संगमरवरी तलावांची वाट पाहण्याचे कारण नाही. बांगलादेशातच गावच्या साध्या तळ्यात बांबूचे मचाण पाण्याखाली ठराविक खोलीवर बांधून मुलांना सुरक्षितपणे पोहायला शिकविले गेले. पंचवीस मीटर पोहणे, अर्धा मिनिट पाण्यावर तरंगत राहणे आणि स्वत: पाण्यात न उतरता दुसऱ्याला वाचविणे, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. त्या मुलांत पुढे बुडण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक कमी आढळले. पोहता आले की मुले अधिक धाडस करतील आणि अधिक बुडतील, अशी शंका पुष्कळ पालक घेतात. ती शंका निराधार नाही, म्हणूनच पोहण्याबरोबर पाण्याचे नियम शिकविणे अपरिहार्य आहे. एकट्याने उतरू नये, अनोळखी पाण्यात सूर मारू नये, पावसाळ्यात प्रवाहात पाय टाकू नये, मोठ्यांना सांगितल्याशिवाय पाण्याकडे जाऊ नये. हे नियम पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर मावतात. रस्ता ओलांडण्याचे नियम शाळेत शिकवता येतात, तर पाण्याचे का नाही?

यापुढचा मुद्दा समाजाच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. आपले सण, आपली व्रते, आपले संस्कार पाण्याशी जोडलेले आहेत. तीर्थ या शब्दाचा अर्थच पाण्यात उतरण्याची जागा, उतार, असा आहे. पूर्वजांनी नुसती नदी पूजिली नाही, तिच्याकाठी घाट बांधले. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट बांधले ते काय केवळ शोभेसाठी? भाविकाचा पाय घसरू नये, त्याला पायरी पायरीने पाण्यात उतरता यावे, हा त्यामागील विचार होता. श्रद्धा आणि सुरक्षा यांत अंतर न मानणारी ती दृष्टी होती. तिच्याशी आजचे वास्तव ताडून पाहावे. सप्टेंबर २०२४ मध्ये बिहारमध्ये जीवितपुत्रिका व्रताच्या दिवशी निरनिराळ्या जिल्ह्यांत नद्या-तलावांवर स्नानासाठी गेलेल्यांपैकी ४६ जण बुडून मरण पावले, आणि त्यांत ३७ मुले होती. हे व्रत माता आपल्या लेकरांच्या दीर्घायुष्यासाठी करतात. निर्जळी उपवास करून ज्यांच्यासाठी आयुष्य मागितले त्यांनाच त्या दिवशी पाण्यातून बाहेर काढावे लागले. याहून हृदयद्रावक काही असू शकत नाही. महाराष्ट्रातही अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत विसर्जनाच्या वेळी बुडालेल्या तरुणांची बातमी असते आणि आता ती जणू उत्सवाचाच भाग समजली जाऊ लागली आहे.

उत्सवावर कोणी बाहेरच्याने टीका केली की समाजाला राग येतो, आणि पुष्कळदा तो रास्तही असतो. परंतु आपल्या उत्सवात आपलीच मुले मरू नयेत, याची व्यवस्था बाहेरच्याने येऊन करावयाची नाही. जे मंडळ लाखो रुपयांची आरास करते त्याला विसर्जनाच्या घाटावर दोन पट्टीचे पोहणारे, चार दोर आणि दहा जीवरक्षक जाकिटे ठेवणे अशक्य नाही. लहान मुलांना पाण्यापासून दूर दोराच्या मागे उभे करणे, मद्य घेतलेल्याला पाण्यात उतरू न देणे आणि अंधार पडल्यावर खोल पाण्यात विसर्जन न करणे, हे नियम मंडळांनी स्वत:वर घालून घ्यावेत. देवकार्यात शिस्त असणे हीही एक उपासनाच आहे.

शाळेच्या सहलींबाबतही असेच म्हणावे लागते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मरण पावल्या. नावेत क्षमतेहून अधिक जणांना बसविले होते आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. त्याआधी ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे पर्यटकांची नाव उलटून २२ जणांना जलसमाधी मिळाली, त्यांतही बहुसंख्य मुले होती. राज्ये निराळी, शासनकर्ते पक्ष निराळे, कारणे मात्र तीच. नावेत किती माणसे बसवावीत हा नियम पुस्तकात असतो, नावेवर नसतो. ‘जाकिटाशिवाय माझे मूल नावेत बसणार नाही’ असे एका पालकाने, एका शिक्षकाने ठामपणे सांगितले असते तर? नियम मोडणारा दोषी आहेच, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु नियम मोडला जात असताना गप्प राहणाऱ्या समाजालाही आरशात पाहावे लागेल.

अखेरची कडी काठावरच्या माणसाची. बुडालेले मूल बाहेर काढल्यानंतरची चार-पाच मिनिटे निर्णायक असतात. प्राणवायूवाचून मेंदू त्यापुढे तग धरत नाही. या बहुमोल मिनिटांत आपल्याकडे काय होते? मुलाला पायाला धरून उलटे टांगले जाते, गरगर फिरविले जाते, पोट दाबून पाणी काढण्याची खटपट केली जाते. अलीकडे तर मिठाच्या ढिगात ठेवले की बुडालेला जिवंत होतो, असले संदेश भ्रमणध्वनीवरून फिरतात, आणि शोकाकुल घर त्यांवर विश्वास ठेवते. यांतील एकाही प्रकाराने जीव वाचत नाही, उलट वेळ जातो. बुडालेल्या माणसाचे हृदय श्वास कोंडल्यामुळे थांबते, म्हणून त्याला आधी तोंडाने श्वास देणे आणि मग छातीवर लयबद्ध दाब देणे, हा शास्त्रशुद्ध मार्ग आहे. दरम्यान दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही विद्या एका दुपारच्या सरावात शिकता येते. तितकेच महत्त्वाचे म्हणजे पोहता येत नसताना वाचविण्यासाठी उडी घेऊ नये. दोर, बांबू, सोडलेली साडी, बूच लावलेला रिकामा डबा, हाती येईल ते फेकावे. भावनेच्या भरात घेतलेली उडी एकाच्या जागी दोन चिता पेटवते.

प्रश्न केवळ इच्छेचा उरतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू रोखण्यासाठी ठरविला. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये या विषयावरील धोरणात्मक आराखडाही प्रसिद्ध केला. ही स्वागतार्ह सुरुवात आहे. परंतु आराखडा दिल्लीत असतो आणि विहीर गावात. आरोग्य खाते, महिला व बालविकास, शिक्षण, कृषी, जलसंपदा, ग्रामविकास, पोलीस अशा अनेक खात्यांच्या मध्ये हा विषय पडलेला असल्यामुळे तो कोणाचाच नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात एकाच अधिकाऱ्यावर याची जबाबदारी असावी, आणि बुडालेल्या प्रत्येक बालकाची नोंद होऊन कोठे, किती वाजता व कशामुळे ते घडले याची चौकशी व्हावी. माता मृत्यूची चौकशी ज्या गांभीर्याने होते त्याच गांभीर्याने. मृत्यूनंतर सानुग्रह मदतीचा धनादेश देण्यापेक्षा मृत्यूपूर्वी कठडा बांधणे स्वस्त पडते, हा हिशेब शासनाला कोणीतरी समजावून सांगावा लागेल.

ज्यांना हे अशक्य वाटते त्यांनी पोलिओचे स्मरण करावे. सन १९९५ मध्ये पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली तेव्हा एवढ्या अवाढव्य देशात हे जमणार नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. जानेवारी २०११ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. ती किमया केवळ लशीने केलेली नव्हती. घरोघर फिरलेल्या लक्षावधी सेविका, शिक्षक आणि स्वयंसेवक यांच्या पायांनी ती केली. बुडण्यावर थेंबाची लस नाही, पण कुंपण, पाळणाघर, पोहणे आणि प्रथमोपचार ही चार औषधे आहेत, आणि ती देण्यासाठी तशाच पायांची गरज आहे.

पूर आला, भूकंप झाला की सेवाभावी कार्यकर्ते सर्वांआधी धावतात, ही या समाजाची थोर मिळकत आहे. महापुरात बुडालेल्या गावांत अन्नाची पाकिटे पोहोचविणारे हात असंख्य आहेत. परंतु महापूर काही वर्षांतून एकदा येतो, आणि ही लेकरे रोज बुडतात. आपत्तीत दिसणारा सेवाभाव आपत्ती टाळण्यातही दिसला पाहिजे. त्यात हार-तुरे नाहीत, छायाचित्रे नाहीत, कारण जे मूल बुडले नाही त्याची बातमी होत नसते. प्रत्येक गावात आठ-दहा तरुणांनी एका रविवारी गावातील पाण्याच्या जागांची यादी करावी. उघडी विहीर, पडका कठडा, कुंपण नसलेले शेततळे, झाकण नसलेला हौद, पाण्याने भरलेली खदाण, अर्धवट बांधकामाचा खड्डा, साऱ्यांची. पुढच्या रविवारी त्यांतील सर्वांत धोकादायक जागेला लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून कुंपण घालावे. उन्हाळ्याच्या सुटीत गावातील पोहणाऱ्या जाणत्यांना हाताशी धरून मुलामुलींचे वर्ग भरवावेत. मुलींचे अगत्याने, कारण पाणी भरण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येते आणि पोहणे मात्र त्यांना क्वचितच शिकविले जाते. घरातील गृहिणीने आजपासून बादली रिकामी करून पालथी घालण्याची आणि पिंपावर झाकण ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

आपल्या परंपरेत पाण्याला जीवन म्हटले आहे. त्या जीवनाला मृत्यूचे कारण होऊ द्यावयाचे की नाही, हे दैव ठरवीत नाही. ते कठडा बांधणारा गवंडी ठरवितो, पाळणाघर चालविणारी ताई ठरविते, दोर टाकणारा शेतकरी ठरवितो आणि पोहायला शिकविणारा मामा ठरवितो. यंदाच्या पावसाळ्याआधी आपल्या गावातील, आपल्या वस्तीतील एक जरी उघडी विहीर झाकली गेली, तरी कोणत्या तरी घरातला एक पाळणा हलता राहील. तो कोणाच्या घरचा, हे कोणालाच कधी कळणार नाही. न कळताही जे केले जाते तेच खरे समाजकार्य.